दोन ढिगांमधली जागा

“भांडा, नाना. किसनकाकांशी भांडा. आत्ताच्या आत्ता भांडा.”

टेम्पोच्या टपावर उभी राहून माझी धाकटी बहीण वैजू घशाच्या शिरा ताणून ओरडत होती. एका हातात काळी छत्री, दुसऱ्या हातात कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा, ओढणी कमरेला खोचलेली. खाली झेंडूच्या ढिगामागं बसलेले आमचे वडील, म्हणजे नाना, वर मान करून तिच्याकडं असे बघत होते, की जणू पोरीच्या अंगातच आलंय. दिवस खंडेनवमीचा, उद्या दसरा. नाशकातल्या फुलबाजाराच्या गल्लीत माणसाला माणूस असा चिकटला होता, की एका गृहस्थानं पोटरी खाजवायला म्हणून पाय उचलला तो टेकवायला त्याला परत जागाच मिळेना. दुपार सगळी त्यानं एका पायावर काढली. खोटं वाटत असेल तर त्या गृहस्थाला विचारा. तो अजून किंचित कलून चालतो.

टपावरची ती मुलगी वेडी नव्हती. पुण्याला भौतिकशास्त्रात संशोधन करत होती, आणि तिची सगळी विद्या त्या घटकेला एका गोष्टीवर येऊन लटकली होती. ज्या चुलतभावाशी महिन्याभरापूर्वीच दिलजमाई झाली होती, त्याच्याशी आमच्या नानांनी भरबाजारात पुन्हा भांडण काढायचं, की नाही काढायचं.

परवा गंगापूर रोडला सिग्नलपाशी थांबलो होतो. पुढं झेंडूनं काठोकाठ भरलेली पिकअप उभी राहिली आणि हे सगळं त्या वासाबरोबर परत आलं. झेंडूचा वास गुलाबासारखा लाडीगोडी लावत नाही. तो सरळ येऊन छातीवर बसतो. कडवट, हिरवा, थोडा ओल्या मातीचा, थोडा चिरडलेल्या पानाचा. नवरात्रातलं ऊन बघा, पाऊस सरून गेलेला असतो, ढग धुऊन वाळत घातलेले असतात, आणि त्या उन्हाला हाच वास येतो. तोडणीच्या दिवसांत आमची बोटं हिरवीकाळी व्हायची. त्या बोटांनी खाल्लेली भाकरी झेंडूची लागायची, चहा झेंडूचा लागायचा, आणि माझ्या सहामाहीच्या पेपरांना असा वास यायचा, की मास्तर नाव न बघता मार्क द्यायचे. म्हणजे कमी द्यायचे.

आमचं शेत तेव्हा शहराच्या कडेला होतं. आम्ही कुठं हललो नाही, शहरच आमच्याकडं चालत आलं. आधी एक रसवंती आली, मग टायरचं दुकान, मग बंगले, मग बंगले पाडून बिल्डिंगा. आज आमच्या वाफ्यांवर बिल्डिंग आहे आणि तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. वैजू म्हणते, “दादा, तू अजून शेतावरच राहतोस, फक्त हवेत.” तिला शहरांचा नाद बहुधा तिथंच लागला असावा. आपल्या दारात एक शहर पाऊल पाऊल सरकत येताना बघायला मिळणं, हे काही सगळ्यांच्या नशिबी नसतं.

लहानपणी स्टँडवर एसटी लागली की आम्ही सगळे दारावर तुटून पडायचो. मी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायचो. एकदा टॉवेल नव्हता तर आतेभावालाच आत टाकला होता. वैजू मात्र बाजूला उभी राहून बघत बसायची. “दादा, सगळे एकदम घुसतात म्हणून कुणीच घुसत नाही,” एवढं म्हणायची, आणि तोवर गाडी निघून जायची. त्या पोरीनं आयुष्यात जितक्या गाड्या सोडल्या तितक्या डेपोतसुद्धा नसतील.

ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा आईला प्रश्न पडला, की लोकांना सांगायचं काय, पोरगी शिकते तरी काय. वैजूनं ओट्याशी उभं राहून तिला समजावलं. हवेचा एक कण कुठं जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. पण तसे मोजता येणार नाहीत इतके कण एकत्र आले, की खोली तापणार की गार पडणार ते बरोबर सांगता येतं. माणसांचंही थोडं तसंच आहे. एकटे नाना पुढच्या घटकेला काय करतील ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. पण हजार नाना एका गल्लीत सोडले, तर ते काय करतील ते गणितानं मांडता येतं.

“मला एक आवरत नाही,” आई म्हणाली, “तू हजार कुठून आणतेस?”

आईनं यातून आपल्यापुरता अर्थ काढला आणि सगळीकडं सांगून टाकलं, की आमची वैजू गर्दीची डॉक्टर होणार आहे. मामांच्या ओळखीचा घोटीचा एक तांदळाचा व्यापारी होता, त्याला एसटीत चढलं की छातीत धडधडायचं. तो मुद्दाम तपासून घ्यायला घरी आला, शर्टाची वरची बटणं काढून बसला. वैजूनं त्याला काय सांगितलं देव जाणे, पण पुढं तो जीपनं फिरायला लागला आणि येईल त्याला तिच्या हाताचा गुण सांगायला लागला.

तिच्या सरांना मात्र एवढ्या स्वस्तात गुण येत नव्हता. सर कडक. त्यांनी तिचं सगळं गणित वाचलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “गणित सुंदर आहे. यातली माणसं राहतात कुठं?” कागदावरची गर्दी त्यांना नको होती, खरी दाखव म्हणाले. शिष्यवृत्ती संपत आलेली. दाखवता आलं तर डॉक्टरेट, पुढं परदेश, पुढं तिला हवं ते सगळं. नाही आलं तर कुठल्याशा ज्युनिअर कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत जन्म काढायचा. वैजूला फार शोधावं लागलं नाही. गर्दी म्हटलं की तिला एकच गर्दी माहीत होती.

आमची फुलबाजाराची गल्ली गंगेकडं उतरते. गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात. डाव्या हाताला दुकानांची भिंत. उजव्या हाताला आम्हा फुलवाल्यांची रांग, आणि आमच्या पाठीमागं मोकळं पटांगण, तिथं टेम्पो आणि रिक्षा. खंडेनवमीला गल्लीचं खालचं तोंड बांबू लावून बंद करतात. म्हणजे वरून आलेल्या माणसानं फुलं घ्यायची आणि परत वरच जायचं. येणारे आणि जाणारे एकाच नळीत. ही सगळी गल्ली वैजूनं पुण्याच्या कॉम्प्युटरात घातली. कॉम्प्युटरनं कडेला भोकं असलेला कागद ताग्यासारखा बाहेर ओकला आणि सांगितलं, की दुपारपर्यंत गल्ली ठार तुंबणार. तो कागद पुढं आईनं फडताळात अंथरला. आमच्या डाळींच्या डब्यांखाली बरीच वर्षं भौतिकशास्त्र होतं.

पहिल्या साली ती आली, आमच्या टेम्पोच्या टपावर छत्री घेऊन बसली आणि गल्ली तुंबायची वाट बघू लागली. गल्ली तुंबेना. गर्दी तर अशी, की एका बाईचं लहान मूल डोक्यांवरून रांगत पुढं गेलं आणि तिला वरच्या तोंडाशी सापडलं. पण गल्ली वाहत होती. दुपार झाली, वाहत होती. ऊन कललं, वाहत होती. वैजूचा चेहरा झेंडूसारखाच कोमेजत गेला. नाशकात वाहतूक तुंबली नाही म्हणून कुणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

आईनं वर चिवडा पाठवला, तो तसाच राहिला. आणि मग वैजूला ते दिसलं. फुलं घेतलेली माणसं परत वर जातच नव्हती. ती उजव्या हाताला, आमच्या रांगेतून, मागच्या पटांगणात निसटत होती. आमच्या रांगेत एका ठिकाणी जागा होती. चांगली बैलगाडी जाईल एवढी. एका बाजूला नानांचा ढीग, दुसऱ्या बाजूला किसनकाकांचा, आणि मधे एक पाकळी नाही. ज्या बाजारात वीतभर जागेसाठी टोपल्या डोक्यात घालतात, तिथं ही एवढी मोकळी जमीन. वैजू धडपडत खाली उतरली.

“नाना, ही जागा कुणाची?”

“कुणाची नाय.”

“मग तुम्ही तिथं ढीग का लावत नाही?”

“लावला तर तो बोलंल.”

“मग काका का लावत नाहीत?”

“लावून तर बघू दे.”

नाना आणि किसनकाका सख्खे चुलतभाऊ. त्यांचं वाकडं आलं ते बांधावरच्या चिंचेवरून. झाड बांधाच्या बरोबर मधे, चिंचा कुणाच्या? या प्रश्नावर दोघं असे फुटले, की पुढं चिंच वादळात पडली, तिच्या लाकडाचा धूर झाला, पण बोलणं बंद ते बंदच. बाजारातली जागा मात्र आजोबांपासूनची, शेजारीशेजारी. ती सोडणार कोण? म्हणून दोघांनी आपापला ढीग आपापल्या लांबच्या टोकाला ओढला. मधल्या जागेत तिसऱ्यानं बसावं तर दोघंही त्याच्यावर उठायचे. तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत होतं. एकदा आपट्याची पानं विकणारा एक परगावचा माणूस चुकून तिथं बसला. तो पानं टाकून पळाला, आणि मी ऐकतो त्याप्रमाणं अजून पळतोय.

वैजूनं कपाळावर हात मारून घेतला. तिच्या गणितात फुलवाले म्हणजे हवेचे कण होते, दिसली जागा की भरून टाकणारे. हवा भरते. आमची भावकी भरत नाही. कॉम्प्युटरात गल्लीची रुंदी होती, माणसांचा वेग होता, टोपलीचा घेरसुद्धा होता, भावकी तेवढी घालायची राहिली होती. आणि ही जागा कुणी आखलेली नव्हती, कुठल्या साहेबाचा हुकूम नव्हता. दोन माणसं एकमेकांवर रुसली होती, आणि त्या रुसव्यातून अख्खं नाशिक फुलं घेऊन घरी जात होतं.

सरांनी हे ऐकून घेतलं. आवडलं त्यांना, पण मान डोलावली नाही. जागा आहे म्हणून गल्ली वाहते, हे ठीक. ती जागा बुजली की तुंबते, हे कुठं दिसलं? पुढच्या दसऱ्यापर्यंत मुदत दिली. ती शेवटची.

प्रयोगशाळेत लोक बटण फिरवून तापमान कमीजास्त करतात. आमच्या प्रयोगात नाना आणि किसनकाका यांच्यातलं तापमान उतरवायचं होतं, आणि त्याला बटण नव्हतं. वैजू असलं काही कुणाला सांगणारी नव्हे. ती पुण्याला गेली आणि गप्प बसली. पण पुढच्या साली गणपतीच्या सुमारास किसनकाकांच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि मुलाकडच्यांनी विचारलं, मोठे चुलते दिसत नाहीत कुठं? काका अडकले. तिथून पुढचं सगळं मी केलं असं भावकीत अजून बोलतात. मी नाही म्हणत नाही. नानांना मी सांगितलं, की काका तुमच्या आठवणीनं घास गिळत नाहीत. काकांना सांगितलं, की नाना झोपेत ‘किसन, किसन’ करतात. खरं तर दोघंही चापून जेवत होते आणि ढाराढूर झोपत होते.

काका नारळ घेऊन दारात आले. नाना उठले. मग नानांनी आत बघून सांगितलं, “किसनला चहात साखर जास्त लागती,” आणि आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. पुरण शिजलं, शेजारीपाजारी गोळा झाले, गेलेल्या चिंचेच्या नावानं सगळे हसले. मी वैजूला फोन लावला. तिनं एवढंच विचारलं, “दसऱ्याला बसणार कसे?”

गुडघ्याला गुडघा लावून बसले. इतक्या वर्षांचं सगळं प्रेम त्यांनी त्या एका दिवशी बाजारात मांडलं. दोन्ही ढीग एक केले. लाल झेंडू नानांचा, पिवळा काकांचा, पण मधे अशी सरमिसळ झाली, की एक ढीग कुठं संपतो नि दुसरा कुठं लागतो तेही कळेना. दोघांत एक तंबाखूची डबी. “घे रे किसन.” “तू घे आधी, नाना.” मी तर म्हणतो असं दृश्य बघायला देवांनीही यावं. आले असते तर अडकले असते, कारण पाठीमागं जायला वाट नव्हती.

दुपार व्हायच्या आत गल्ली तुंबली. फुलं घेतलेल्यांना बाहेर पडता येईना, फुलं घ्यायला आलेल्यांना आत येता येईना, आणि जे आत होते त्यांना खिशात हात घालता येईना. खप थांबला. देवळाली कॅम्पमधून एक हवालदार तोफांच्या पूजेसाठी हार न्यायला आला होता. हार हातात धरायला जागा उरली नाही म्हणून त्यानं सगळे गळ्यात घातले, आणि लोक त्याला पुढारी समजून मानेनंच नमस्कार करायला लागले. उन्हात फुलांचा ढीग आतून तापतो. हात घातला की वाफ लागते. आमच्या ढिगातून ती वाफ यायला लागली होती. उद्या दसरा झाला, की या फुलांना गाय तोंड लावणार नव्हती.

वैजू टपावर नाचायची तेवढी बाकी होती. तिचं गणित खरं झालं होतं. मग एकदम ती थांबली. मी खालून बघत होतो, तिचा चेहरा उतरला. सर काय म्हणतील ते तिला वरूनच ऐकू आलं असणार. यंदा गर्दीच जास्त असेल, म्हणतील. याच दिवशी, याच गर्दीत, ती जागा पुन्हा उघडून गल्ली वाहती झाली तरच ते खरं. नाही तर वह्या तपासणं.

तिनं आधी नीट सांगून बघितलं. “नाना, थोडं तिकडं सरका ना. काका, तुम्ही इकडं.”

नानांनी मान हलवली. “भावाजवळून उठू? साऱ्या बाजारादेखत? लोक म्हणतील महिना नाय झाला नि पुन्हा फाटलं.”

“मी बी नाय सरकणार,” काका म्हणाले. “नाना बसलाय तर मी बसणार.”

वैरात जेवढे ताठ होते तेवढेच मायेतही ताठ. आमच्याकडं भाऊ भावाशेजारून उठतो तो एकाच कारणानं उठतो, आणि ते कारण म्हणजे भांडण. हे वैजूला कळायला वेळ लागला नाही. किती झालं तरी ती याच भावकीतली. म्हणून ती छत्री उंचावून ओरडायला लागली, की भांडा.

नानांनी आधी तिला दम दिला. खाली उतर म्हणाले, माल शिजायला लागलाय इथं आणि तुला तमाशा सुचतोय. ती उतरली नाही. ओरडत राहिली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला आणि नुसते ओठ हलायला लागले. तेव्हा नानांनी तिच्याकडं बघितलं. नानांना भौतिकशास्त्र कळत नव्हतं, कॉम्प्युटर कळत नव्हता, सर कोण ते माहीत नव्हतं. पण ही पोरगी परत येऊन वह्या तपासणार की नाही याची बातमी आईनं त्यांच्या कानावर वर्षभर घातलेली होती. नानांनी तंबाखूची डबी बंद केली, काकांच्या हातात ठेवली, आणि हवापाण्याचं बोलावं अशा आवाजात म्हणाले,

“चिंच आमची व्हती.”

काकांनी डबीकडं बघितलं. मग नानांकडं. “काय म्हणला?”

“आमची व्हती. माझ्या बानं लावली व्हती.”

आधी काकांच्या मिशा उठल्या, मग काका उठले. पुढं काय काय बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही, आणि मला सगळं पाठ आहे. काकांनी गोणपाट धरून आपला ढीग फराफरा तिकडं ओढला, नानांनी इकडं. पिवळी फुलं तिकडं, तांबडी इकडं, आणि मधे ती जागा. जुनी, बैलगाडीएवढी, काळ्या ओल्या जमिनीची जागा.

पाटाला लावलेली फळी उपसली की पाणी आधी क्षणभर विचार करतं. तसंच झालं. आधी एक बाई गेली, डोक्यावर पाटी घेतलेली. मग तिच्यामागं दोघं. मग सगळी गल्लीच तिथून पटांगणात रिकामी व्हायला लागली. एका पायावरच्या गृहस्थानं पाय टेकला आणि त्याला रडू आलं. हवालदार तर तोफेतून सुटल्यासारखा बाहेर पडला, हार घालूनच रिक्षात बसला. वरून नवी माणसं आत येऊ लागली. खिशांत हात जाऊ लागले. आणि टपावर वैजूनं कॅमेरा डोळ्याला लावला होता. छत्री केव्हाच खाली पडली होती, कॅमेऱ्याचा खटका तेवढा वाजत होता. ती हसत होती की रडत होती ते मला खालून दिसलं नाही, आणि मला दिसलं नाही असं मी सहसा म्हणत नाही.

संध्याकाळी आमच्यापुढं ओलं गोणपाट उरलं होतं आणि त्याला चिकटलेल्या चार पाकळ्या.

दसऱ्याला काका सोनं द्यायला आले. सगळ्यांना दिलं, नानांनाही दिलं, चहा घेतला, चिंचेचं नाव न काढता गेले. मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला नाना पहिल्या रांगेत होते. पण पुढं दर खंडेनवमीला तोच प्रकार. सकाळी दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, आणि गर्दी दाटायला लागली की कुठून तरी चिंच निघायची. काही गिऱ्हाइकं चिंच निघाल्यावरच घरातून निघायची असं मी ऐकलंय. म्हणजे मीच सांगितलंय, पण आता लोक मला परत सांगतात.

तिच्या तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं ते विचारलं. त्या दिवशी ही दोघं आपणहून भांडली, की तू सांगितलंस म्हणून? वैजू म्हणाली, “माहीत नाही.” प्रबंधाच्या तळटीपेतही तिनं तसंच लिहिलं. सरांनी चष्मा पुसून सही केली.

त्यानंतर वैजू जी सुटली ती सुटलीच. परदेशात गेली, मोठ्या लोकांत बसली. मग नुसत्या गल्ल्या सोडून अख्खी शहरं हाताशी घेतली. दुकानं एकमेकांशेजारी का येतात, वस्त्या कुठं फाटतात, शहर शेताकडं कुठल्या वाटेनं चालत येतं. एकदा सुट्टीत आली तर लॅपटॉपवर नानांना आमची गल्ली दाखवली. पडद्यावर ठिपकेच ठिपके. “हा ठिपका म्हणजे तुम्ही, आणि हे काका.” नानांनी चष्मा वर करून निरखून बघितलं आणि विचारलं, “टोपी कुठंय?” दुसऱ्या दिवशी तिनं त्या ठिपक्यावर पांढरी टोपी काढली. मग काकांचा निरोप आला, की आमच्याला फेटा पाहिजे.

तिच्या समीकरणात एक अक्षर आहे. दोन जण एकमेकांपासून किती लांब बसतील, ते त्यानं ठरतं. तिच्या विद्यार्थ्यांनी त्याचं नावच ‘नाना’ ठेवलंय. जिथं वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतं अशा गावात गोरीगोमटी पोरं सकाळी उठून एकमेकांना विचारतात, आज नाना किती ठेवायचा. नाना शून्य ठेवला तर शहर तुंबतं म्हणे. फार ठेवला तर शहरच राहत नाही, नुसती लांबलांब घरं होतात. मी हे ज्याला त्याला सांगतो. रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, आमच्या लिफ्टच्या मेकॅनिकला. माझ्या बापाला शून्य ठेवून जगातलं कुठलंच शहर चालत नाही, यापेक्षा मोठी गोष्ट माझ्याकडं सांगायला नाही, आणि कधी नव्हे ते मला ही फुगवावीही लागत नाही.

गेल्या साली नवरात्रातच इथल्या लोकांनी वैजूचा सत्कार ठेवला. गंगापूर रोडवरचा हॉल, स्टेजवर कमानीला झेंडूच. वैजू बोलायला उभी राहिली. केस थोडे पांढरे झालेत तिचे, आवाज तोच. समोर पहिल्या रांगेत नाना आणि किसनकाका, दोघंही कडक इस्त्रीत, आणि दोघांच्या मधे एक खुर्ची रिकामी. हॉल भरलेला, भिंतीला टेकून लोक उभे. एक पाहुणे रिकामी खुर्ची बघून तिकडं वळले, तर दोन्ही म्हातारे एकदम म्हणाले, “तिथं नको.” वैजूचं बोलणं तिथंच थांबलं. सगळा हॉल वाट बघत राहिला. ती त्या खुर्चीकडं बघत होती, आणि टपावरची ती पोरगी मला पुन्हा दिसली, ओठ नुसते हलणारी.

घरी जाताना आम्ही एकाच रिक्षात होतो. नानांच्या मांडीवर वैजूची शाल, श्रीफळ आणि हारांचा ढीग, सगळा तोच वास. वैजूनं नानांकडं न बघता विचारलं, “नाना, तेवढं एक मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशीचं तुमचं भांडण खरं होतं, का मी म्हणाले म्हणून?”

नानांनी हारातलं एक सुटलेलं फूल उचललं, चिरडून वास घेतला आणि बाहेर टाकलं.

“माल खपला ना,” ते म्हणाले.